खान्देशातील जुन्या स्थळांचा संवादी नकाशा संकेतस्थळावर कसा उभारावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील किल्ले, मंदिरे, उष्ण पाण्याचे झरे आणि पांझरा नदीवरील जुने फड-बंधारे अशा सुमारे दोनशे ठिकाणांची माहिती एका अभ्यासगटाने जमवली आहे. ती सध्या त्यांच्या संकेतस्थळावर एका मोठ्या चित्राच्या रूपात लावलेली असून मोबाइलवर त्यातली अक्षरेही वाचता येत नाहीत. खुणेवर बोट ठेवताच माहिती उघडावी, तालुका आणि प्रकार निवडता यावा, मराठीत शोध घेता यावा, 'माझ्या जवळ काय आहे' हे कळावे आणि बंधाऱ्यांचे पाट (पाणी नेणारे कालवे) व फड (त्या पाण्यावर भिजणारी शेते) हेही दिसावेत, अशी गटाची अपेक्षा आहे. यासाठी कोणती लायब्ररी, म्हणजे नकाशा उभारण्याचा तयार कोडसंच, घ्यावी असे त्यांनी विचारले आहे.

लायब्ररीचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण तो सर्वांत सोपा आहे. लीफलेट घ्यावी. २०११ पासून उपलब्ध असलेली ही खुली लायब्ररी आकाराने लहान आहे, साध्या फोनवरही चालते आणि आपण मागितलेली बहुतेक सोय तिच्यात अंगभूत आहे किंवा छोट्या प्लगइनने, म्हणजे वरून जोडायच्या पूरक कोडने, मिळते. २०२० च्या अखेरीस मॅपबॉक्स या नकाशा-कंपनीने आपल्या लायब्ररीचा परवाना बदलल्यावर तिच्या खुल्या आवृत्तीतून मॅपलिबर ही दुसरी लायब्ररी निघाली. ती दिसायला अधिक देखणी आणि फिरवायला अधिक गुळगुळीत आहे, परंतु मराठी नकाशासाठी तिच्यात एक अडचण आहे. नकाशावरील अक्षरे ती ब्राउझरकडून काढून न घेता एकेक चिन्ह ओळीने मांडून स्वतः रेखाटते, आणि या पद्धतीत देवनागरीची जोडाक्षरे व वेलांट्या जुळत नाहीत. 'शिरपूर' मधली वेलांटी साठवणुकीच्या क्रमाप्रमाणे 'श' नंतर उमटते आणि वाचणाऱ्याला 'शरिपूर' दिसते. यावर उपाय निघत आहेत, तरी ज्यांच्याकडे पूर्णवेळ प्रोग्रामर नाही त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. लीफलेटमधील नावे ब्राउझर स्वतः काढत असल्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

गूगलचा नकाशाही चालेल, पण त्यासाठी बिलिंग खाते आणि त्याला जोडलेले कार्ड लागते. कुणाच्या तरी वैयक्तिक कार्डावर चालणारे सार्वजनिक संकेतस्थळ ही व्यवस्था मला पटत नाही.

खरे काम लायब्ररीत नसून आपल्या एक्सेल शीटमध्ये आहे. नकाशावर ज्याला आपण संवादी सोय म्हणतो ती बहुतांशी तक्त्यातील एखाद्या रकान्याचे दृश्य रूप असते: तालुक्याचा रकाना स्वच्छ नसेल तर तालुक्याची निवड चालणार नाही, पर्यायी नावांचा रकाना नसेल तर शोध फसेल. म्हणून कोडची एक ओळही लिहिण्याआधी तक्ता दुरुस्त करावा.

पहिली गोष्ट अक्षांश-रेखांशांची. वेगवेगळ्या लोकांनी जमवलेल्या नोंदींत काही अंश-मिनिटांत असतात, काही दशांशात, आणि २१ अंश ३० मिनिटे ही नोंद कुणीतरी २१.३० अशी उतरवतो. ती खरे तर २१.५ आहे. हा ०.२ अंशाचा फरक जमिनीवर सुमारे २२ किलोमीटर भरतो, म्हणजे खूण शेजारच्या तालुक्यात जाऊन बसते आणि नकाशा पाहून ते सहज लक्षातही येत नाही. दुसरे असे की मराठी कीबोर्डवर भरलेले देवनागरी आकडे जावास्क्रिप्टला संख्या म्हणून कळत नाहीत. '२१.५' या मजकुरापासून संख्या तयार होत नाही आणि ती खूण नकाशावर येत नाही किंवा सगळा नकाशाच अडतो. हे आकडे आत घेतानाच बदलून घ्यावेत. तिसरे, जिओजेसन या माहिती-स्वरूपात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहिण्याचा नियम आहे, तर लीफलेटमध्ये खूण ठेवताना अक्षांश आधी द्यावा लागतो. ही अदलाबदल झाली की जळगाव नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाते. एवढी मोठी चूक निदान लगेच दिसते, हे त्यातले सुदैव. दशांशानंतर पाच स्थळे पुरेशी आहेत, कारण पाचवे स्थळ म्हणजे जमिनीवर सुमारे एक मीटर, आणि फोनचा जीपीएस उघड्या आकाशाखालीही तितका नेमका नसतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न खूण नेमकी कुठे ठेवायची हा आहे. लळिंगचा किल्ला घ्या. खूण माथ्यावर ठेवली तर ती भूगोलाच्या दृष्टीने बरोबर आहे, पण तीच जागा रस्ता दाखवणाऱ्या ॲपला दिली तर ते माथ्याला सर्वांत जवळचा जो रस्ता सापडेल तिकडे नेईल, आणि तो डोंगराच्या भलत्याच अंगाला असू शकतो. म्हणून प्रत्येक ठिकाणासाठी दोन जागा नोंदवाव्यात: एक स्थळाची आणि दुसरी जिथे गाडी उभी करून पायी निघायचे त्या पायथ्याची. नकाशावर पहिली दाखवावी आणि 'रस्ता पाहा' या बटणाला दुसरी द्यावी. पाहुण्याला या नकाशाचा सर्वांत जास्त उपयोग याच बटणाने होईल, असे माझे मत आहे.

काही ठिकाणे मात्र नेमकी दाखवूच नयेत. शेतात उघड्यावर पडलेल्या कोरीव मूर्ती, कुणाची राखण नसलेले वीरगळ, किंवा सातपुड्यातील आदिवासींची देवस्थाने, ज्यांच्याबद्दल गावाची संमती घेतलेली नाही, यांची खूण गावाच्या मध्यावर ठेवावी आणि 'अंदाजे जागा' असे लिहावे. नेमका आकडा सार्वजनिक फाइलमध्येही जाऊ देऊ नये, कारण पडद्यावर न दिसणारी माहिती फाइल उघडून कुणालाही वाचता येते.

आता नकाशा उघडतो तेव्हा काय दिसावे, याकडे वळतो. ठरावीक झूम पातळी लिहून ठेवू नये. अक्षांश २० ते २२.२ आणि रेखांश ७३.३ ते ७६.६ अशी चौकट द्यावी आणि ती पडद्यावर मावेल इतका झूम लायब्ररीला काढू द्यावा. फोनवर तो सातच्या आसपास येतो, मोठ्या पडद्यावर आठ किंवा नऊ. जी पातळी येईल तीच किमान पातळी म्हणून बांधून टाकावी आणि चौकटीबाहेर नकाशा ओढता येऊ नये, अशी सोय करावी. यामागे सौंदर्यापेक्षा वेगळे कारण आहे. पायाभूत नकाशा, म्हणजे आपल्या खुणांखालचा रस्ते-गावांचा नकाशा, ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून बनलेल्या खुल्या नकाशाचा असेल तर झूम कमी केल्यावर देशाच्या सीमा प्रत्यक्ष ताब्याच्या रेषेप्रमाणे दिसतात, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत असा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमानुसार दंडनीय आहे. आपला विषय तीन जिल्ह्यांचा असताना काश्मीरपर्यंत नकाशा दाखवण्याची गरजच काय?

पायाभूत टाइलबद्दल, म्हणजे ज्या चौकोनी चित्र-तुकड्यांनी खालचा नकाशा बनतो त्यांच्याबद्दल, एवढेच की ओपनस्ट्रीटमॅपचे टाइल-सर्व्हर देणग्यांवर चालतात. लहान संकेतस्थळाने ते श्रेयनाम ठळक ठेवून वापरले तर चालते, पण टाइल मोठ्या प्रमाणात उतरवून साठवण्यास तेथील धोरणाची मनाई आहे. वर्दळ वाढली तर एखाद्या टाइल-सेवेची योजना घ्यावी, आणि टाइलचा पत्ता कोडमध्ये एकाच जागी लिहावा म्हणजे तो बदलणे सोपे जाते. या टाइलवर आपल्याकडील बरीच नावे रोमन लिपीत दिसतात, म्हणून तालुक्यांच्या गावांची नावे आपण स्वतः देवनागरीत वर लिहावीत. तिन्ही जिल्हे मिळून तालुके पंचवीसच आहेत, त्यामुळे हे काम एका दुपारचे आहे.

खुणेवर बोट ठेवल्यावर उघडणारा पॉपअप ही सर्वांत परिचित सोय, आणि तिचाच सर्वाधिक गैरवापर होतो. फोनच्या पडद्यावर तीन परिच्छेद आणि दोन छायाचित्रे असलेला पॉपअप सगळा नकाशा झाकतो, आणि बंद करायचे बारीक चिन्ह बोटाखाली सापडत नाही. मोठ्या पडद्यावर पॉपअप ठेवावा, पण फोनवर त्याऐवजी खालून वर येणारा पट्टा वापरावा, ज्यात नाव, तालुका, एक छायाचित्र, दोन ओळी, 'रस्ता पाहा' आणि 'सविस्तर वाचा' एवढेच असावे. पट्टा उघडला की खूण त्याच्याखाली झाकली जाणार नाही इतका नकाशा वर सरकवावा. फोनचे मागे जाण्याचे बटण दाबल्यावर पट्टा मिटला पाहिजे. ते केले नाही तर वाचक संकेतस्थळातूनच बाहेर पडतो आणि परत येत नाही. यासाठी ठिकाण उघडताना ब्राउझरच्या इतिहासात एक नोंद टाकावी लागते. नकाशा नुसता सरकवला असता मात्र नवी नोंद न टाकता आहे ती बदलावी, अन्यथा मागे जाण्यासाठी तेच बटण वीस वेळा दाबावे लागेल.

याच नोंदीचा दुसरा लाभ मोठा आहे. उघडलेले ठिकाण आणि निवडलेला तालुका पानाच्या पत्त्यात उतरला की तो पत्ता जशाचा तसा व्हॉट्सॲपवर पाठवता येतो, आणि समोरच्याकडे थेट थाळनेरचा किल्लाच उघडतो. आपल्याकडे संकेतस्थळाचे पहिले पान उघडून आत शिरणारा वाचक विरळा, बहुतेक जण कुणीतरी गटावर टाकलेल्या दुव्यावरूनच येतात. त्यामुळे ही सोय नंतर कधीतरी जोडण्याची नाही, ती पहिल्याच आवृत्तीत असावी.

तालुका आणि प्रकार यांच्या निवडीबाबत एक बारकावा सांगतो. तालुका निवडल्यावर नकाशाने त्या तालुक्यावर जावे, ही वाचकाची अपेक्षा असते. पण 'फक्त किल्ले' असे निवडल्यावर नकाशा जागचा हलू नये, कारण वाचक तेव्हा समोर दिसणाऱ्या भागातले किल्ले शोधत असतो. प्रत्येक पर्यायापुढे कंसात संख्या द्यावी, आणि दोन्ही निवडी मिळून काहीच उरत नसेल तर कोरा नकाशा न दाखवता 'या तालुक्यात असे ठिकाण नोंदलेले नाही' असे लिहावे. नकाशाच्या शेजारी किंवा खाली तीच ठिकाणे यादीच्या रूपातही असावीत आणि निवड बदलली की दोन्ही एकत्र बदलावीत. दृष्टिहीन वाचकांना, कीबोर्ड वापरणाऱ्यांना आणि टाइल उतरत नाहीत अशा मंद नेटवर्कवरील सर्वांना ती यादीच आधार देते. दोनशे खुणांसाठी समूह करणारे, म्हणजे जवळच्या खुणा एकाच खुणेत गोळा करणारे, प्लगइन लागेलच असे नाही. पण धुळे शहरासारख्या दाट भागात खुणा एकमेकींवर चढत असतील तर ते वापरावे आणि ठरावीक झूमनंतर समूह सुटे होतील असे ठेवावे.

मराठी शोध हा स्वतंत्र विषय आहे, आणि तयार प्लगइन तिथे उपयोगी पडत नाहीत. वाचक ऱ्हस्व-दीर्घ पाळून टंकलेखन करत नाही, आणि एकच नाव वेगवेगळ्या रीतीने लिहिले जाते. कुणी 'शिंदखेडा' लिहितो, कुणी 'सिंदखेडा', कुणी 'खान्देश' तर कुणी 'खानदेश'. म्हणून शोधाआधी साठवलेले नाव आणि वाचकाने लिहिलेला शब्द या दोघांवर एकच प्रक्रिया करावी: युनिकोडचे एकच प्रमाण रूप करून घ्यावे, जोडाक्षरांसाठी आलेली अदृश्य चिन्हे काढावीत, ऱ्हस्व आणि दीर्घ एक मानावेत, आणि अनुस्वार व अर्धा न-म यांत भेद करू नये. दाखवायचे नाव मात्र शुद्धच ठेवावे. एवढ्याने भागत नाही ते पर्यायी नावांच्या रकान्यात जाते. मुक्ताईनगरला आजही अनेक जण एदलाबाद म्हणतात. अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण धडगाव असल्याने तालुक्यासाठीही तेच नाव वापरले जाते. अहिराणी बोलणारा माणूस 'धुये' आणि 'जयगाव' असे लिहू शकतो. रोमन लिपीतले स्पेलिंगही याच रकान्यात द्यावे, कारण फोनवर मराठी कीबोर्ड न घेतलेले वाचक पुष्कळ आहेत. आणि निकालात नावापुढे तालुका अवश्य दाखवावा: उनपदेव चोपडा तालुक्यात आहे आणि शहादा तालुक्यातही आहे, दोन्हीकडे उष्ण पाण्याचे झरे आहेत, आणि भलत्या उनपदेवला पोहोचलेला माणूस आपल्यालाच बोल लावेल.

'माझ्या जवळ' या सोयीसाठी संकेतस्थळ सुरक्षित जोडणीवर, म्हणजे एचटीटीपीएसवर असणे बंधनकारक आहे, नाहीतर ब्राउझर जागा सांगतच नाही. पान उघडताक्षणी परवानगी मागू नये. कारण न कळताच आलेल्या प्रश्नाला बहुतेक जण नकार देतात आणि ब्राउझर तो नकार लक्षात ठेवतो. बटण दाबल्यावरच विचारावे, आणि नकार आला तर तालुका निवडण्याची यादी पुढे करावी. सुरत, नाशिक, पुण्यात राहणारे खान्देशी लोक हे बटण हमखास दाबून पाहतील. त्यांची जागा आपल्या चौकटीबाहेर आहे हे ओळखून तसा सौम्य निरोप द्यावा आणि नकाशा जागीच ठेवावा.

अंतर दाखवताना विशेष काळजी घ्यावी लागते. ब्राउझरमध्ये काढलेले अंतर सरळ रेषेतले असते, आणि तापीच्या खोऱ्यात सरळ रेषा फसवते. थाळनेर तापीच्या उत्तर काठावर आहे. दक्षिण काठावर उभ्या असलेल्या माणसाला ते अगदी जवळ दाखवले जाईल, पण पूल गाठून पलीकडे जाईपर्यंत अंतर कितीतरी पटींनी वाढते. तोरणमाळसारख्या ठिकाणी घाटाच्या वळणांमुळे हेच घडते. म्हणून आकड्यासोबत 'सरळ रेषेत' हे दोन शब्द लिहावेत आणि रस्त्याचे अंतर 'रस्ता पाहा' या बटणावर, म्हणजे फोनमधल्या नकाशावर सोपवावे. रस्त्याची गणना स्वतः करण्याच्या फंदात या आकाराच्या प्रकल्पाने पडू नये.

फड-बंधाऱ्यांचा थर हा या नकाशाचा खरा दागिना ठरू शकतो, म्हणून त्यावर वेळ खर्च करावा. इथे माहिती तीन आकारांत आहे: बंधारा हा बिंदू, पाट ही रेषा आणि फड हे क्षेत्र. हे तीन सुटे थर म्हणून दाखवले तर वाचकाला काही उमगत नाही. या पद्धतीचे मर्म असे आहे की एका बंधाऱ्याचे पाणी एका पाटाने ठरावीक फडांना मिळते आणि एका फडात हंगामाला साधारणपणे एकच पीक घेतले जाते. हे नाते पडद्यावर दिसायला हवे. त्यासाठी प्रत्येक पाटाला आणि फडाला त्याच्या बंधाऱ्याचा क्रमांक द्यावा. मग बंधाऱ्यावर बोट ठेवताच त्याचा पाट आणि त्याचेच फड उजळावेत, बाकीचे फिके व्हावेत. फडाच्या रंगातून पीक दाखवायचे असेल तर हंगाम निवडण्याचे बटण वर ठेवावे.

आपल्याकडचे हस्तलिखित किंवा छापील नकाशे चित्र म्हणून नकाशावर ताणून बसवू नयेत. ते जागोजागी सरकलेले असतात. क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत स्कॅन घेऊन त्यावरचे ओळखीचे बिंदू, जसे बंधाऱ्याची टोके, जुना पूल किंवा देऊळ, उपग्रहचित्रातल्या त्याच बिंदूंशी जुळवावेत. हे बिंदू नकाशाच्या चारही कोपऱ्यांत पसरलेले असावेत. सगळे गावाजवळ घेतले तर शिवाराचा भाग वाकडा बसतो. मग पाट आणि फड हाताने काढावेत. शेजारच्या दोन फडांची सामाईक बांधरेषा दोनदा न काढता एकमेकींना चिकटवून घ्यावी. फाइल हलकी करण्यासाठी आकार सोपे करावे लागतात, आणि तसे करताना प्रत्येक फड सुटा सोपा केला तर दोन फडांच्या मध्ये भेगा पडतात. मॅपशेपर हे साधन सामाईक रेषा एकच मानून काम करते, म्हणून त्यातूनच फाइल न्यावी.

फोनवर माउस नसतो, त्यामुळे 'वर नेल्यावर रंग बदलणे' हा परिणाम अर्ध्याहून अधिक वाचकांना दिसणारच नाही. जे काही कळायला हवे ते स्पर्शाने कळावे. पाटाची रेषा दोन-तीन पिक्सेल जाड असते आणि ती बोटाला लागत नाही. त्याच रेषेची वीस पिक्सेल जाडीची पूर्ण पारदर्शक प्रत तिच्यावर ठेवावी आणि स्पर्श तिच्याकडून घ्यावा. दिसायला रेषा नाजूकच राहते आणि बोट पहिल्या प्रयत्नात लागते.

पान खाली सरकवताना बोट नकाशात अडकते, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. माउसच्या चाकाने झूम होणे बंद ठेवावे, आणि लेखाच्या मधोमध नकाशा असेल तर फोनवर दोन बोटांनीच तो हलेल अशी व्यवस्था करावी. नकाशाचे स्वतंत्र पूर्ण पान असेल तर हे बंधन नको.

सातपुड्यात नेटवर्क जाते, तेव्हा टाइल येणार नाहीत. ठिकाणांची यादी आणि मजकूर फोनमध्ये साठवून ठेवण्याची सोय सर्व्हिस वर्करने, म्हणजे ब्राउझरमध्ये पार्श्वभूमीला चालणाऱ्या छोट्या कोडने, करता येते, आणि दोनशे ठिकाणांचा मजकूर आकाराने अगदी किरकोळ असतो. छायाचित्रे त्यात धरू नयेत.

लोकांना स्वतः ठिकाणे जोडू द्यावीत का, हेही विचारले आहे. द्यावीत, पण थेट नकाशावर नव्हे. वाचकाने खूण ओढून जागा दाखवावी, नाव आणि माहिती लिहावी, आणि ती नोंद आधी आपल्या तपासणीच्या तक्त्यात पडावी. बाहेरून आलेला मजकूर पॉपअपमध्ये एचटीएमएल म्हणून न टाकता साधा मजकूर म्हणूनच टाकावा, अन्यथा त्यातून कुणीही आपल्या पानावर हवा तो कोड चालवू शकतो. नव्या ठिकाणांपेक्षा दुरुस्त्याच अधिक येतील: पायवाट बदलली, पूल नवा झाला, खूण चुकीच्या टेकडीवर आहे. त्यांच्यासाठी प्रत्येक ठिकाणाच्या पट्ट्यात 'दुरुस्ती सुचवा' असा दुवा ठेवावा, ज्याने उघडणाऱ्या फॉर्ममध्ये त्या ठिकाणाचा क्रमांक आधीच भरलेला असेल. गटातल्या कुणीतरी एकाने दर आठवड्याला तो तक्ता पाहायचा, आणि तो कोण हे नकाशा प्रसिद्ध करण्याआधीच ठरवून घ्यावे.